राणी मुंगी नळीत ठेवलीये, काहीच खात नाहीये, मरेल का?

मुग्धा_नाशिक
नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र वाटेल पण इथे किडे-पाखरं बघणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला त्या संध्याकाळी गच्चीच्या दिव्याखाली पंखवाल्या मुंग्यांचा नुसता खच पडला होता, त्यातली एक चांगली दांडगी काळी, पंख गळालेली, जिन्यात भिंतीच्या कडेकडेने फिरत होती ती आमच्या चिरंजीवांनी डबीत धरली. सहावीत आहे, व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ केलंय, त्यामुळे परीक्षानळी, तळाला पाणी, मग कापसाचा बोळा, मग बाईसाहेब, मग तोंडाला दुसरा बोळा असं सगळं शास्त्रशुद्ध झालंय आणि नळी सध्या माझ्या कपाटात साड्यांखाली आहे (होय).

अंडी घातलीयेत. त्यातल्या काहींच्या बारीक पांढऱ्या अळ्या झाल्यात असं वाटतं. पण ती खात काहीच नाही!! साखरेचा दाणा टाकला तर ढुंकूनही बघितलं नाही, आता तो विरघळून काचेला चिकटलाय. सासूबाई रोज अंगणात मुंग्यांना पीठसाखर घालतात, त्या म्हणतायत मुक्या जिवाला उपाशी ठेवून कसला आलाय अभ्यास. तर हिला द्यायचं काय, एकटीच आहे तर नर पण लागेल का, आणि पुढे घरभर मुंग्या झाल्या तर काय करायचं? शेवटचा प्रश्न मिस्टरांचा आहे.

डोंगळा_सातारकर
ताई आधी एक खात्री करा, मुंगीच आहे ना? कारण पहिल्या पावसात दिव्यावर येतात त्यात निम्म्याहून जास्त वाळवी असते आणि लोक तीच पकडून आणतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर नसतेच, डोक्यापासून शेपटापर्यंत एकच जाडी, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीची कंबर चिमटलेली, मिशीला मधेच कोपरासारखा वाक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. पंख गळाल्यावरसुद्धा कंबर आणि मिशी बघून कळतं. वाळवी एकटी फिरत पण नाही शक्यतो, नर मादीच्या मागे मागे जोडीने चालत असतो.

एक फोटो टाका वरून काढलेला.

मुग्धा_नाशिक
फोटो जोडलाय. मिशीला वाक आहे, चिरंजीवांनी भिंगातून बघून सांगितलं. लांबी पट्टीवर साधारण पावणेदोन सेंटीमीटर भरली. पूर्ण काळी, पोटाला जरा मळकट चमक.

डोंगळा_सातारकर
वा! मग मुंगळा आहे, आमच्याकडे डोंगळा म्हणतात, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. झाडाच्या बुंध्याशी बिळं करतात, बाभळीवर शेवग्यावर मावा नाहीतर तुडतुड्यांची राखण करत बसलेले असतात तेच. पाठीचा मधला भाग बघा किती फुगीर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूला पंख तुटल्याचे व्रण दिसतायत, म्हणजे राणीच, मोठी कामकरी नाही. नवशिक्याला याच्यापेक्षा चांगली जात मिळायची नाही, नांगी नसते (चावते मात्र कडक, आणि चावलेल्या जागी फॉर्मिक ॲसिड सोडते), आकाराने मोठी असल्यामुळे निसटली तर दिसते आणि आपल्या हवेला सरावलेली आहे.

आता खाण्याचं. काहीही देऊ नका. खरंच काहीही नाही. या जातीच्या राण्या लग्नाच्या उड्डाणानंतर स्वतःला जमिनीत कोंडून घेतात आणि पहिल्या मुली बाहेर पडेपर्यंत अन्नाला तोंड लावत नाहीत. पंख गळाले म्हणजे उडायचे स्नायू आता बिनकामाचे झाले ना, तर तेच तिचं शरीर आतल्या आत विरघळवतं, त्यात पोटातली साठवलेली चरबी, आणि तेच तोंडातून अळ्यांना भरवलं जातं. पाठीच्या त्या फुगीर भागात जी शिदोरी आहे ती पहिल्या खेपेला पुरेल एवढी निसर्गाने दिलेली आहे. सासूबाईंना सांगा उपवास तिने स्वतःच धरलाय, आणि पारणं तिच्या मुलीच सोडवणार आहेत.

साखर चिकटलीये तिथे बुरशी येते का तेवढं लक्ष ठेवा, पण त्यासाठी आत्ता नळी उघडू नका. कपाटातली जागा उत्तम, अंधार पाहिजेच. आठवड्यातून एकदा बघा, तेही मिनिटभर. मुलाला रोज बघायची खुमखुमी असणार, लाल जिलेटिन पेपर गुंडाळा नळीला, मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्याला मात्र आतलं सगळं दिसेल.

वऱ्हाडी_पाखरू
सातारकर दादांनी सांगितलं ते बरोबर, फक्त धक्के पण टाळा. लोक नळी फ्रिजवर ठेवतात उबदार असते म्हणून, पण कॉम्प्रेसर चालू झाला की थरथर होते, राणी घाबरली की स्वतःची अंडी खाऊन टाकते, आणि मग लोक म्हणतात आपली राणी वेडी निघाली. कपाटाचं दार पण आपटू नका जास्त. आमच्याकडे अमरावतीला मे महिन्यात ४५ जातं, तेव्हा नळ्या मी माठाच्या खोलीत जमिनीलगत ठेवतो, कुलरच्या स्टँडवर कधीच नाही. नाशकात तुम्हाला गर्मीचा त्रास नाही, थंडीत मात्र सगळं मंद होईल, ते चालतं, आपल्या जातींना युरोपातल्यासारखं फ्रिजमध्ये घालून झोपवायची गरज नसते. व्हिडिओत दाखवतात ते तिकडच्या मुंग्यांचं असतं, मुलाला हे आधीच सांगून ठेवा नाहीतर डिसेंबरमध्ये नळी फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेत सापडेल.

गपगुमान
इकडे आम्ही खडू ओढून ओढून थकलो आणि ही माणसं कपाटात मुंग्या पाळतायत. बाकी चालू द्या.

वऱ्हाडी_पाखरू
@गपगुमान खडूवरून आठवलं, ताई तो मुंग्या मारायचा खडू, झुरळांचा स्प्रे आणि डासांचं लिक्विडवालं मशीन, हे तिन्ही त्या खोलीत नको. सगळ्यात पायरेथ्रॉईड जातीचीच औषधं असतात, डासाला मारतात ती मुंगीला काय सोडणार.

अंडज_स्वेदज
नराचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. नर लागत नाही. उड्डाणात जे मीलन झालं ते झालं, नर त्यानंतर लवकरच मरतात, दिव्याखालचा जो खच तुम्ही झाडून टाकलात त्यात ते खूप असणार. राणीच्या पोटात एक छोटी पिशवी असते, त्यात ते शुक्राणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि ती लागतील तसे वापरते. आयुष्यभर पुन्हा मीलन नाही. आणि हे आयुष्य केवढं, तर युरोपातल्या साध्या काळ्या बागेतल्या मुंगीची (लॅसियस नायजर) एक राणी प्रयोगशाळेत जवळजवळ २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. मुंगळ्याच्या राणीला तेवढं मिळेल असं मी म्हणत नाही, पण हा काही रेशमाच्या किड्यासारखा दोन महिन्यांचा प्रोजेक्ट नाही, मुलगा कॉलेजला गेला तरी ती घरात असू शकते, तेव्हा नळ्या कोण सांभाळणार ते आत्ताच ठरवा :)

गंमत पुढे आहे. अंड्याला शुक्राणू मिळाला तर मादी होते, म्हणजे कामकरी किंवा पुढची राणी. नाही मिळाला तर नर. म्हणजे नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो, हे कोडं मुलाला घाला. यातून एक धोकाही निघतो. पंख गळाले म्हणजे मीलन झालंच असं नाही, काही राण्या तशाच पंख टाकून देतात. अशी राणी अंडी घालेल, अळ्या पण होतील, पण सगळे नर निघतील आणि नर काडीचं काम करत नाहीत. पहिली खेप बाहेर पडेपर्यंत हे कळायला मार्ग नाही, थांबायचं.

मुग्धा_नाशिक
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. "बाप नाही पण आजोबा आहे" यावर घरात काल रात्री जेवताना अर्धा तास वाद झाला, सासूबाई म्हणाल्या असं कसं, मग चिरंजीवांनी ताटातच भाताची शितं मांडून समजावलं.

अजून किती दिवस लागतील साधारण? आणि पूर्ण वसाहत लवकर व्हावी म्हणून बाहेरचे चार मुंगळे पकडून आत सोडले तर चालेल का, त्याला हे सुचलंय.

डोंगळा_सातारकर
अजिबात नको!! बाहेरचे कामकरी राणीला फाडून टाकतील. प्रत्येक वसाहतीचा स्वतःचा वास असतो, अंगावरच्या मेणचट थराचा, आणि मुंगी मिशीने तोच हुंगून आपली की परकी ठरवते. मुरलेले लोक एक करतात, त्याच जातीचे न उघडलेले कोश बाहेरून आणून देतात, कारण कोशातून नवीन निघालेली मुंगी ज्या घरात डोळे उघडते तिथलाच वास आपला मानते. पण त्यासाठी कोणाचं तरी वारूळ उकरावं लागतं, मला ते पटत नाही, आणि तुम्हाला गरजही नाही.

दिवसांचं म्हणाल तर अंड्यापासून कामकरी व्हायला मुंगळ्याला तापमानाप्रमाणे ५ ते ८ आठवडे. अळ्या मोठ्या झाल्या की स्वतःभोवती रेशमाचा कोश विणतात, फिकट तपकिरी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा फुगीर, लोक त्यालाच मुंगीचं अंडं म्हणतात. त्या कोशाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसेल, घाबरू नका, कोशात जाताना अळी पोट साफ करते त्याचा तो डाग. ठिपका दिसला की समजायचं अळीचं खाणं संपलं, आता आत मुंगी घडतेय. पुढे दोन-तीन आठवडे.

पहिल्या मुली बारीक असतात. मुद्दाम. कमी शिदोरीत चार-सहा जणी उभ्या करायच्या म्हणून राणी सगळ्यांना थोडं थोडं भरवते. ती मोठ्या डोक्याची दणकट मुंगळी असते ना, तशी निघायला वसाहत भरावी लागते, पहिल्या वर्षाअखेर पन्नास-शंभर झाल्या तरी खूप झालं. तेव्हा घरभर मुंग्या वगैरे मिस्टरांना म्हणावं निवांत राहा, या मुंग्या गोगलगाईच्या वेगाने वाढतात.

आंबोळी
आमच्याकडे सिंधुदुर्गात याच दिवसात ओंबिलीच्या राण्या मिळतात, हिरवट असतात, आंब्याच्या नाहीतर काजूच्या पानावर बसलेल्या. त्या नळीत ठेवायच्या फंदात कोणी पडू नका. पानं शिवून घर करणारी जात, अळ्यांच्या तोंडातलं रेशीम काढून पानाच्या कडा जोडतात, नळीत अंडी घालतील पण पुढे फांद्या लागतात, जागा लागते, आणि चावतात असं की देव आठवतो. झाडावरच बऱ्या त्या, काजूवरच्या ढेकण्या किडीचा बंदोबस्त करतात.

मला विचारायचं होतं की मुंग्या डब्यात सोडल्यावर वर चढू नयेत म्हणून सगळे टाल्कम पावडर लावायला सांगतात ती आमच्याकडे पावसात टिकतच नाही, दुसरं काही?

वऱ्हाडी_पाखरू
दमट हवेत पावडर ओली होते आणि धरच सोडते, तिथे व्हॅसलिन. काठाच्या आतून दोन बोटं रुंद, इतका पातळ थर की काचेवर नुसतं धुकं दिसलं पाहिजे. जाड लावलं तर मुंग्या त्यात रुततात. कोरड्या गावात पावडर बेस्ट, सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवायची, ब्रशने फिरवायची, स्पिरिट उडून गेलं की पांढरा थर राहतो, त्यावर पाय ठरत नाही. नाशिकला ऑक्टोबरनंतर पावडर चालेल, आत्ता व्हॅसलिनच. स्पिरिट वाळेपर्यंत मुंग्या त्या डब्यात सोडू नका, वाफ मारते त्यांना.

अंडज_स्वेदज
अजून एक, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतंच. वसाहत वाढली की लोकांना परदेशी राण्या मागवायचा मोह होतो. करू नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात नैवाशाच्या एका गेस्ट हाऊसमध्ये दोन बेल्जियन पोरं सुमारे ५,००० राण्यांसकट पकडली गेली, टेस्ट ट्यूब आणि कापसाचे बोळे, अगदी तुमच्या कपाटात आहे तेच. मे महिन्यात कोर्टाने प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड नाहीतर १ वर्ष कैद सुनावली. कायदा बाजूला ठेवला तरी बाहेरची मुंगी इथे सुटली तर काय होतं ते आपल्या अंगणात आहेच की, ती झोंबरी तांबडी सोलेनॉप्सिस जेमिनाटा मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आता आपल्याकडे शेताच्या बांधावर बसायची सोय नाही.

आणि जिथल्या तिथल्या जातीतसुद्धा सगळ्यांना राणी असतेच असं नाही बरं का. ती मोठी करडी-काळी, बिळाच्या तोंडाशी पिसं, काड्या, सुकलेला कचरा रचून ठेवते ती डायाकामा, तिच्यात राणी हा प्रकारच नाही, कामकऱ्यांपैकीच एक जण अंडी घालते आणि बाकीच्या नव्या निघाल्या की त्यांच्या पाठीवरचे दोन बारीक कोंब चावून टाकते म्हणजे त्या आयुष्यभर मीलनाला नालायक. लोक वर्षानुवर्षं तिची राणी शोधत बसतात.

गपगुमान
हे शेवटचं वाचून आमच्या सोसायटीच्या कमिटीची आठवण झाली. बरं मी पण आता धागा वाचतोय, पुढे काय झालं ते लिहा.

मुग्धा_नाशिक
मंडळी, निघाल्या!!! आधी एक, मग दोन दिवसांत आणखी दोन. मुलीच आहेत! इतक्या फिकट, आरपार दिसतील अशा, मग हळूहळू काळ्या झाल्या. राणीने स्वतः कोश कुरतडून बाहेर ओढलं एकीला, चिरंजीव शाळेत होते तेव्हाच नेमकं, त्याने दिवसभर अबोला धरला. आता पारणं सोडायची वेळ आली ना? सासूबाई पुरणपोळीचा तुकडा घेऊन उभ्या आहेत, विनोद नाही.

डोंगळा_सातारकर
अभिनंदन ताई! मुली निघाल्या म्हणजे मीलन झालेलं आहे, मोठा प्रश्न सुटला.

पुरणपोळी नको, पण गोड हवंच. एक भाग साखर तीन-चार भाग पाण्यात विरघळवायची, फॉइलच्या नखाएवढ्या तुकड्यावर एकच थेंब, तोंडाचा बोळा अलगद काढून आत सरकवायचा. नळीत थेट थेंब टाकू नका, त्या बारक्या पोरी बुडून मरतात. मध पण चालतो, पातळ करून. एक जण पोट भरून पिईल, पोट टम्म फुगून पट्टे दिसायला लागतील, मग ती जाऊन राणीच्या तोंडाला तोंड लावून भरवेल. मुलाला हे बघू द्या, सुट्टीच्या दिवशीच द्या पहिला थेंब.

साखर ही मोठ्यांची, अळ्या वाढायला प्रोटीन लागतं. पिकलेल्या केळ्याची साल बरणीत ठेवा, चिलटं जमली की झाकण लावून बरणी फ्रीझरमध्ये, मेलेली दोन चिलटं पुरे आत्ता तिघींना. घरातलं झुरळ, मेलेली माशी वगैरे देऊ नका, कोणाच्या घरचा स्प्रे पिऊन आलंय सांगता येत नाही. वसाहत वाढली की पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) मिळतात ते कापून. आठवड्यात दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं काढून टाकायचं, बुरशी तिथूनच येते.

मुग्धा_नाशिक
केळ्याची साल मुद्दाम कुजवायची म्हटल्यावर मिस्टरांनी हात टेकले, पण बरणी ठेवलीये गॅलरीत. आता दोन शेवटच्या शंका. तळाचं पाणी पिवळं पडलंय आणि बोळ्यावर काळे डाग आलेत. नळी बदलू का? आणि काल कपाटाच्या कडेने त्या बारीक घरातल्या मुंग्यांची रांग दिसली, त्या नळीत घुसतील?

वऱ्हाडी_पाखरू
डाग असू देत, पिवळं पाणी पण चालतं, पाणी संपत आलं किंवा बुरशी अळ्यांच्या ढिगापर्यंत पोचली तरच बदला. बदलायची तरी उलटीपालटी करून झटकायची नाही. नवी नळी पाण्याबोळ्यासकट तयार करायची, दोन्हींची तोंडं समोरासमोर लावून टेपने जोडायची, नवीला काळा कागद गुंडाळायचा आणि जुनीवर उजेड पाडायचा. कधी रात्रीत जातात कधी आठवडा घेतात, आपण घाई करायची नाही.

बारक्या मुंग्या मात्र आजच बघा, त्या कापसातून सहज शिरतात आणि तीन पोरींच्या वसाहतीला रात्रीत संपवतात. लाडवाचा डबा परातीत पाणी घालून ठेवतात तसं करा, ताटलीत वाटी पालथी, वाटीवर नळी आडवी, ताटलीत पाणी. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे वरचा ताण जातो आणि त्यांना पाण्यावरून चालता येत नाही. आणि ते सगळं साड्यांच्या कपाटातून बाहेर काढा बरं आता, पाणी सांडलं तर मुंग्यांआधी तुम्हालाच घराबाहेर जावं लागेल.

मुग्धा_नाशिक
काढलं. देवघराखालच्या कप्प्यात ठेवलंय, सासूबाईंनीच जागा करून दिली. परातीतलं पाणी त्या रोज बदलणार म्हणतायत.

डोंगळा_सातारकर
मस्त. फक्त उदबत्तीचा धूर तिकडे जाणार नाही असं बघा, आणि कापूर अजिबात नको त्या कप्प्यात.